पैशांच्या खेळातून बाहेर पडलेल्या अभियंत्याने ‘नशिबाच्या पेटी’चे काम स्वीकारावे का?

प्रश्न – लालबागकर

नमस्कार. मी अकरा वर्षे सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहे. त्यांपैकी शेवटची चार वर्षे अंधेरीतील एका कंपनीत, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीच्या ॲपचे सर्व्हरकडील काम मी करत होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. २० तारखेला लोकसभेने आणि २१ तारखेला राज्यसभेने विधेयक संमत केले, २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच आठवड्यात आमचे पैशांचे डाव थांबले आणि पुढील दोन महिन्यांत आमच्या विभागातील बहुतेकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांत माझीही गेली.

आता पवईतील एका स्टुडिओने मला बोलावले आहे. त्यांचा खेळ मोबाइलवर फुकट मिळतो, परंतु आत बंद पेट्या विकत मिळतात. पेटीची किंमत ठरलेली असते, आत काय निघेल ते मात्र ठरलेले नसते. साधा पोशाख निघेल किंवा हजारात एखाद्याला मिळणारी तलवार निघेल. निघालेली वस्तू देऊन रोख रक्कम मिळत नाही, म्हणून हा पैशांचा खेळ ठरत नाही आणि कायद्याचा प्रश्नच येत नाही, असे मला मुलाखतीत सांगण्यात आले. कोणत्या खेळाडूला कोणत्या क्षणी कोणती पेटी दाखवायची आणि तिच्यावरची सवलत किती मिनिटे चालू ठेवायची, हे ठरवणारी यंत्रणा मला बांधायची आहे. हे काम मी स्वीकारावे का? घराचे हप्ते चालू आहेत, त्यामुळे पगाराचा विचार माझ्या मनात नाही असे मी म्हणणार नाही. पण प्रश्न केवळ पगाराचा असता तर तो इथे विचारला नसता.

कायदा आला तेव्हा आमच्या कार्यालयात एकच युक्तिवाद ऐकू येत असे: रमी हा कौशल्याचा खेळ आहे, सर्वोच्च न्यायालयाने ते १९६८ मध्येच मान्य केले आहे, मग आम्हाला जुगाऱ्यांच्या रांगेत का बसवले? मीही तो युक्तिवाद मनापासून केला आहे. घरी बसल्यावर मात्र मी एक हिशेब मांडला आणि त्यानंतर तो युक्तिवाद माझ्या तोंडून पुन्हा निघाला नाही.

माझे आजोबा लालबागमधील एका गिरणीत साचेखात्यात होते आणि ते मटका खेळत. मटक्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होत्या भावांवर लागणाऱ्या पैजांतून झाली. ते भाव तारेने मुंबईत येत. साठच्या दशकात भाव मागे पडले आणि पत्ते काढून आकडा जाहीर करण्याची पद्धत रूढ झाली, तरी ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द टिकून राहिले. एका आकड्याची शक्यता दहात एक आणि तो लागला तर रुपयाला नऊ रुपये. जोडीची शक्यता शंभरात एक आणि लागली तर रुपयाला नव्वद. म्हणजे कसेही खेळा, चालवणाऱ्याचा वाटा शेकडा दहा. आमच्या ॲपमध्ये कंपनीचा वाटा डावागणिक दहा ते पंधरा टक्के होता. सारख्या कुवतीचे खेळाडू एकमेकांशी खेळत राहिले, जिंकलेले पैसे पुन्हा पुन्हा डावात लागत गेले आणि दर डावाला फक्त दहा टक्के कापले गेले, तर वीस डावांनंतर मूळ १०० रुपयांपैकी जेमतेम १२ रुपये टेबलावर उरतात. आजोबांच्या मटक्याचे निकाल दिवसातून दोनदा येत, तेव्हा वीस पैजांना दहा दिवस लागत. आमच्याकडे तीन मिनिटांचा डाव होता, त्यामुळे वीस डावांना एक तास पुरे.

आजी सांगत असे की ओपन लागल्यापासून क्लोज येईपर्यंतच्या वेळात ती आजोबांच्या सदऱ्यातील उरलेले पैसे काढून वाण्याची उधारी भागवून यायची. त्या काही तासांवर आमचे घर चालले. मी बांधलेल्या यंत्रणेत ते तासच नव्हते. हरलेल्या खेळाडूला दोन सेकंदांच्या आत पुढच्या टेबलावर जागा मिळाली पाहिजे, हे माझे वर्षभराचे उद्दिष्ट होते आणि ते पूर्ण केल्याबद्दल मला बढती मिळाली होती. पैसे भरणे यूपीआयने पाच सेकंदांत होत असे. पैसे काढताना मात्र पडताळणी, किमान रक्कम आणि प्रतीक्षा यांची तीन पाने होती. पत्ते हुशारीने टाकणे हे कौशल्य असेल, पण खेळाडूला उठण्यासाठी लागणारी उसंत हिरावून घेणे हे आमचे कौशल्य होते, आणि कायद्यातील ‘कौशल्य की नशीब’ या वादात त्याला कुठेही जागा नाही.

म्हणून नव्या कामाकडे पाहताना मला पैसे परत मिळतात की नाही यापेक्षा ती उसंत कोणाच्या हातात आहे हे महत्त्वाचे वाटते. मी चुकीचा विचार करत असेन तर कृपया सांगा.


उत्तर – फोर्टमधील वकील

लालबागकर, कायदेशीर बाजू आधी सांगतो. मुलाखतीत तुम्हाला जितक्या खात्रीने सांगितले गेले तितकी खात्री बाळगण्यास जागा नाही. नव्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला आहे. शुल्क, ठेव किंवा अन्य पण (म्हणजे डावाला लावलेली मोलाची गोष्ट) लावून, पैशांच्या किंवा इतर लाभाच्या अपेक्षेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ तो पैशांचा खेळ मानतो, आणि ‘अन्य पण’ या संज्ञेत पैसे मोजून घेतलेली नाणी, टोकन किंवा आभासी वस्तूही येऊ शकतात. पेटीतील तलवार कंपनी परत घेत नसली तरी बाहेर खेळाडू आपसांत तिचे पैसे करत असतील, तर तिला लाभ म्हणायचे की नाही हा वाद उद्या न्यायालयात उभा राहू शकतो. खेळ उपलब्ध करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे.

आता १९६८ च्या निकालाविषयी, कारण तुमच्या क्षेत्रात त्याचा अर्धाच भाग सांगितला जातो. आंध्र प्रदेश विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले, हे खरे आहे. परंतु पैसे लावून चाललेल्या रमीतून जागेचा मालक किंवा क्लब स्वतःचा नफा काढत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असेही त्याच निकालात म्हटले आहे. सिकंदराबादच्या एका क्लबात सदस्य आपसांत खेळत होते, त्यावरचा तो निकाल होता. दर डावामागे दहा टक्के घेणाऱ्या कंपनीने त्याचा आधार घेताना पुढचे वाक्यही वाचायला हवे होते.

याहून जुना आणि आपल्या शहराशी थेट संबंध असलेला खटला १९५७ चा आहे: मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला. बेंगळुरूला छापले जाणारे एक साप्ताहिक शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालवत असे आणि मुंबई राज्यातील लोक इथल्या संकलन केंद्रांवर कूपन आणि शुल्क भरत. राज्याबाहेर छापलेल्या अंकावर मुंबईचा कायदा कसा लागू होईल, हा त्यातील एक प्रश्न होता. आज सर्व्हर परदेशी आहे म्हणून जो बचाव केला जातो, त्याचा हा पूर्वज म्हणता येईल. स्पर्धेत भाग घेणारे, पैसे देणारे आणि संकलन करणारे मुंबईत आहेत, तेवढा संबंध पुरेसा आहे, असे न्यायालयाने म्हटले. जुगार हा संविधानाने संरक्षिलेला व्यापार नाही, हे तत्त्वही त्याच निकालातून आले.

राजकीय भागावर माझे मत स्पष्ट आहे. कायद्याच्या हेतूशी मी सहमत आहे, पण तो ज्या रीतीने झाला त्या रीतीशी नाही. ‘पैजा आणि जुगार’ हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे. अशा विषयाला स्पर्श करणारे विधेयक दोन दिवसांत, कोणत्याही संसदीय समितीकडे न पाठवता, दोन्ही सभागृहांतून संमत व्हावे हे मला पटत नाही. जवळपास ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात, असे सरकारने त्या वेळी सांगितले. हा आकडा एवढा मोठा आहे की त्यावर दोन दिवसांपेक्षा अधिक चर्चा व्हायला हवी होती. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर उगमस्थानी कापला जात होता आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी घेतला जात होता. ज्या व्यवहारातून शासनाने जवळपास दोन वर्षे कर घेतला तो व्यवहार नंतर गुन्हा ठरला. मत बदलण्याचा अधिकार शासनाला आहे, पण मत का बदलले हे संसदेत सविस्तर मांडण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. आपले राज्यही यात निर्मळ भूमिका घेऊ शकत नाही. राज्याची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे आणि महालक्ष्मीला घोड्यांवर पैसे लागतात ते परवान्यानेच.

वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतील आव्हान याचिका आता सर्वोच्च न्यायालयाकडे गेल्या आहेत. त्यांचा निकाल काहीही लागला तरी तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळणार नाही, हे तुम्हाला आधीच कळले आहे असे दिसते.


उत्तर – पार्ल्याचा खेळाडू

मी खेळ खेळतो आणि खेळ बनवतोही, त्यामुळे माझे उत्तर एका शब्दात देता येईल: स्वीकारू नका. कारणे मात्र सांगितली पाहिजेत, कारण मी खेळांच्या विरोधात नाही आणि कोणी तसे समजू नये.

शाळेत असताना लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून आम्ही मित्रांनी पहिला संगणक जोडला. तेव्हा खेळ म्हणजे एकदा पैसे देऊन घ्यायची वस्तू होती. बनवणाऱ्याने तो चांगला बनवला तर लोक घेत आणि न जमल्यास घेत नसत. खेळ अवघड असे, माणूस रात्ररात्र जागत असे, पण त्या जागरणातून बनवणाऱ्याला जास्तीचा एक पैसाही मिळत नसे. फुकट खेळ आणि आतली दुकाने आल्यापासून हे गणित उलटे झाले. आता खेळातील कंटाळवाणा भाग मुद्दाम ठेवला जातो, कारण तो टाळण्यासाठीच पैसे घेतले जातात. अशा बैठकींना मी बसलो आहे. ‘चौथ्या पातळीवर लोक अडकतात’ या वाक्यावर पूर्वी आम्ही ती पातळी दुरुस्त केली असती. त्या बैठकीत तिथे दुकानाचे बटण लावण्याचे ठरले.

पेटीचा प्रश्न जगात नवा नाही. जपानमध्ये अशा पेट्यांना गाचा म्हणतात. नशिबाने मिळणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठे बक्षीस, हा तिचा सर्वांत लोभी प्रकार तिथे २०१२ मध्येच बंद करावा लागला. चीनने २०१७ मध्ये शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले, दक्षिण कोरियाने मार्च २०२४ पासून. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये विकतच्या पेट्यांना थेट जुगार ठरवले. वस्तूचे पैसे होतात की नाही, यावर बेल्जियम अडून बसले नाही. पैसे देऊन अनिश्चित फळाची वाट पाहणे हीच ती गोष्ट आहे, आणि कबुतरांना कधी दुसऱ्या तर कधी विसाव्या टोचणीला दाणा मिळाला की ती थकेपर्यंत टोचत राहतात, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून गेल्या शतकातच दिसले होते.

लालबागकर, तुमचा आजोबांचा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटला, पण त्यात एक भर घालतो. मटक्यात जिंकणारा कधीतरी पैसे घेऊन घरी येत असे. पेटीमध्ये परतीचा रस्ताच नाही. तुमच्या भाषेत चालवणाऱ्याचा वाटा शेकडा शंभर आहे. ‘पैसे परत मिळत नाहीत म्हणून हा जुगार नाही’ हे वाक्य खेळाडूच्या बाजूने उभे राहून पुन्हा वाचून पाहा.

पर्याय अस्तित्वात आहेत आणि ते चालतात. ठरलेल्या किमतीला ठरलेली वस्तू विकता येते. खेळ एकदाच विकता येतो. आमचा चार जणांचा लहान गट हेच करतो. उत्पन्न कमी आहे, पगार तुमच्या आधीच्या पगाराच्या निम्माही देता येणार नाही, हे मी लपवत नाही.


उत्तर – ठाणेकर

वरील दोन्ही उत्तरे वाचली. मी पेमेंटच्या सुरक्षिततेवर काम करतो आणि या कायद्याविषयी माझे मत वकीलसाहेबांपेक्षा वेगळे आहे. रीत बाजूला ठेवली तरी सरसकट बंदी हा उपायच मला चुकीचा वाटतो.

मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. लालबागकरांचे आजोबा मटका खेळत होते तेव्हाही तो लागू होता आणि मटका चालूच होता. बंदीने खेळणारा माणूस नाहीसा होत नाही, तो ज्या दुकानात खेळतो ते दुकान गल्लीच्या आतल्या टोकाला जाते. आज ती आतली गल्ली म्हणजे परदेशातून चालणारी संकेतस्थळे, टेलिग्रामवरील गट आणि भाड्याने घेतलेली बँक खाती. माझ्या कामात अशी खाती मला दिसतात: एखाद्या विद्यार्थ्याच्या नावाचे खाते, त्यात रात्री दोन वाजता शंभर-दोनशे रुपयांचे सत्तर व्यवहार येतात आणि सकाळी ते रिकामे होते. तिथे ना ओळख तपासली जाते ना वय, आणि फसवला गेलेला माणूस तक्रार करायला घाबरतो.

दुसरी चिंता बंदीच्या यंत्रणेची आहे. संकेतस्थळ रोखण्याचा अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली आहेच, आणि २००९ च्या नियमांनुसार त्या आदेशांची व तक्रारींची गोपनीयता राखली जाते. केंद्राच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी व्हीपीएन (इंटरनेटवर वापरणाऱ्याचे ठिकाण झाकणारी सेवा) पुरवणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्यास सांगितले. जुगाराची संकेतस्थळे रोखायची म्हणून ही यंत्रणा आणखी बळकट केली जाईल आणि आपण सगळे तिला मान्यता देऊ, कारण जुगाराची बाजू घेणारा कोण असेल? पण बळकट झालेली यंत्रणा उद्या एखाद्या बातमीसाठी, एखाद्या व्यंगचित्रासाठी वापरली गेली तर तिचा आदेश आपल्याला वाचायलाही मिळणार नाही. अभियंता म्हणून मला राजकारणात सर्वाधिक काळजी याच गोष्टीची वाटते, कोणता पक्ष सत्तेवर आहे याची त्यामानाने कमी.

आता लालबागकरांच्या ‘उसंत’ या शब्दाकडे येतो, कारण माझ्या मते संपूर्ण चर्चेत सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे. ती उसंत कायद्याने परत आणता येते आणि एका राज्याने ती आणली होती. तमिळनाडूने २०२५ मध्ये पैशांच्या खेळांसाठी नियम केले, त्यांत मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत प्रवेश बंद आणि आधारद्वारे ओळख पडताळणी या अटी होत्या. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते नियम वैध ठरवले. त्यानंतर अडीच महिन्यांत केंद्राचा कायदा आला आणि तो प्रयोग काय शिकवतो हे पाहण्याची संधी गेली. आधारच्या अटीवर माझे आक्षेप आहेत, पण रात्रीच्या पाच तासांवर नाहीत. सर्व्हरच्या दृष्टीने ही अट म्हणजे फार तर वीस ओळींचे काम आहे. दर तासाला दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती, हरल्यावर पुढच्या टेबलाआधी ठरावीक थांबा, पैसे काढायला लागतो तितकाच वेळ भरायलाही: यांपैकी काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. हे आपल्या व्यवसायातील लोकांनी उघडपणे सांगायला हवे, कारण मंत्रालयातील किंवा दिल्लीतील अधिकाऱ्याला दोन सेकंदांच्या उद्दिष्टाविषयी तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही.

नोकरी स्वीकारावी की नाही, हे मी सांगणार नाही. पण स्वीकारलीत तर मुलाखतीतच विचारा की सवलतीचे घड्याळ काढून टाकायला ते तयार आहेत का.


उत्तर – मुलुंडच्या बाई

मी शाळेत गणित शिकवते, तंत्रज्ञानातले मला विशेष कळत नाही, परंतु ही चर्चा वाचून राहवले नाही. गेल्या वर्षी सातवीतील एका मुलाच्या आईने मला शाळेच्या फाटकापाशी थांबवले. ती चार घरी स्वयंपाक करते. तिच्या खात्यातून महिनाभरात नऊ हजार रुपये गेले होते, कधी एकोणपन्नास, कधी एकोणनव्वद असे. मुलाने तिचा यूपीआयचा पिन बघून ठेवला होता. तिला वाटले कोणीतरी फसवले. मुलाने रडत सांगितले तेव्हा कळले की पेट्या घेतल्या होत्या. मी त्याला विचारले की इतक्या का घेतल्यास. तो म्हणाला, ‘बाई, दर वेळी थोडक्यात हुकत होती.’

संभाव्यता आम्ही वर्गात फासा आणि नाण्याने शिकवतो. मागच्या फेकीचा पुढच्या फेकीवर परिणाम होत नाही, हे तो मुलगा परीक्षेत बरोबर लिहील. पडद्यावर चाक फिरताना तलवारीच्या शेजारच्या घरात थांबले की ‘थोडक्यात हुकले’ असे वाटते, आणि ते तसे वाटावे म्हणूनच कोणीतरी ते तिथे थांबवलेले असते, हे मला ही चर्चा वाचेपर्यंत कळले नव्हते. लालबागकर, तुमच्यासारखे कोणीतरी ते लिहिते. मी रागाने म्हणत नाही, पण तुम्ही विचारलेत म्हणून सांगते.


उत्तर – फोर्टमधील वकील

बाईंच्या अनुभवानंतर एक मुद्दा जोडणे आवश्यक वाटते, कारण तो लालबागकरांच्या नेमक्या कामाला लागू होतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्यासारखी संमती लागते आणि बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवणे यांना कायद्याने मनाई आहे. उल्लंघनाला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. कोणत्या खेळाडूला कोणत्या क्षणी कोणती पेटी दाखवायची हे ठरवणारी यंत्रणा म्हणजे वर्तनावर पाळत ठेवून लक्ष्य करणेच होय. त्या खेळाचे किती खेळाडू अठरा वर्षांखालील आहेत, हे त्यांना लेखी विचारा. त्यांनी मोजलेच नसेल तर तेही एक उत्तर आहे.


उत्तर – लालबागकर

सर्वांचे आभार. बाईंचे उत्तर मी दोनदा वाचले आणि पत्नीलाही वाचायला दिले. रमीच्या ॲपमध्ये अठरा वर्षांखालील मुले नाहीत, या एका गोष्टीवर मी चार वर्षे स्वतःची समजूत घालत आलो होतो. ती गोष्ट या खेळात नाही, हे मी प्रश्न लिहिताना स्वतःलाच सांगितले नव्हते.

ठाणेकरांच्या आणि वकीलसाहेबांच्या सल्ल्याप्रमाणे मी सोमवारी स्टुडिओला तीन प्रश्न लेखी पाठवले: सवलतीचे घड्याळ काढता येईल का, एका खात्यावर महिन्याच्या खर्चाची मर्यादा घालता येईल का आणि खेळाडूंच्या वयाची माहिती कशी घेतली जाते. आज दूरध्वनी आला. बोलणारी व्यक्ती सौजन्याने बोलली. मर्यादेवर विचार करू म्हणाली. वयाची माहिती खेळाडू स्वतः भरतो, तेवढीच आहे. घड्याळाबाबत मात्र तिने सांगितले की उत्पन्नाचा मोठा भाग शेवटच्या पाच मिनिटांत येतो, त्यामुळे ते काढण्याचा प्रश्नच नाही, आणि मला घेण्याचे कारणही तेच आहे, कारण मी दोन सेकंदांचे काम केलेले आहे.

मी नकार कळवला आहे. पार्ल्याच्या खेळाडूंनी सांगितलेला निम्मा पगार आमच्या हप्त्यांना पुरणार नाही, तरी शनिवार-रविवार तुमच्या गटासाठी सर्व्हरचे काम करायला मला आवडेल. त्याविषयी वेगळे लिहितो. ठाणेकर, भाड्याने घेतलेली खाती ओळखण्याचे जे काम तुम्ही करता, त्यात रात्री दोनच्या सुमारास येणाऱ्या लहान रकमांचा उल्लेख तुम्ही केलात. खेळाडू कोणत्या वेळी, किती रकमेने आणि हरल्यानंतर किती सेकंदांनी पुन्हा पैसे भरतो, याचे नमुने मला चार वर्षांच्या कामामुळे पाठ आहेत. तुमच्या विभागात जागा असेल तर मी पुढच्या आठवड्यात ठाण्याला येऊन भेटू शकतो. जागा नसली तरी ते नमुने मी तुम्हाला लिहून देईन, जुन्या कंपनीची कोणतीही गोपनीय माहिती न वापरता, केवळ कशाकडे लक्ष द्यायचे एवढेच.


उत्तर – ठाणेकर

जागा एक आहे, पदनाम तुमच्या अनुभवाला थोडे कमी पडेल. बुधवारी दुपारी चारनंतर या, आणि नमुन्यांची टिपणे सोबत आणा. हरल्यानंतरच्या सेकंदांचा विचार आमच्याकडे आजवर कोणीही केलेला नाही.